इटलीच्या नाटकघरात घेतलेलं नाव

अहो,

परवा इटलीहून आले. बॅग अजून उघडलेली नाही. लेकीला, मनीषाला सांगवत नाही आणि शेजारणीला सांगितलं तर ती हसेल, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. रागवायचं असेल तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

तुमचं ते पुस्तकातलं जुनं नाटकघर मी बघून आले. तुमच्याशिवाय!

मनीषानं बेत केला होता तो आपल्या दोघांसाठी. तुम्ही गेल्यावर मी नको म्हणाले, पण ती ऐकेना. वाटलं होतं, तिथं पाऊल टाकलं की रडू फुटेल. नाही फुटलं हो. उलट आवडलं! अर्धगोल लाकडी पायऱ्यांवर बसले. वर छतावर रंगवलेलं आभाळ, समोर पुतळ्यांची भिंत आणि तिच्या कमानीतून आत जाणारी तुमची ती लाकडी घरांची गल्ली. मन भरून बघितली. तुमच्या वाटणीचं मी एकटीनंच खाल्लं असं तेव्हापासून वाटतंय.

लेकीनं दिलेल्या पुस्तकातलं चित्र बघून तुम्ही तीच गल्ली बेदाण्याच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून केली होती. मी ओरडायची, "आवं, शेडवर माल पडलाय आन् तुमी घरं कापत बसलाय व्हय?" तुम्ही म्हणायचात, "ऐकलं का, जरा हिकडं बग. फुडची घरं मोठी, मागची बारकी, जमीन वर चढत गेल्याली. एवढ्याशा जागंत केवढा लांब रस्ता दिसतोय!"

मग सांगलीच्या नाट्यस्पर्धेत तसाच सेट लावलात. आठवतं? नाटकात हवालदार झालेला आपला शिवा बोलता बोलता मागं गेला आणि शेवटच्या घराच्या छपरावर कोपर टेकून ऐटीत उभा राहिला! सगळं थिएटर हसून लोटपोट. तुम्ही विंगेत डोक्याला हात लावून बसलेले.

इटलीतल्या गाइडबाईंनी तेच सांगितलं. नटांनी त्या गल्लीत आत जायचं नाही, गेलं की घरापेक्षा माणूस मोठा दिसतो! मनीषानं मराठीत सांगितलं आणि मी एकटीच खो खो हसत सुटले. लोक वळून बघायला लागले. आधी कळलं असतं तर शिवाला पुढंच दोरीनं बांधून ठेवला असता, नाही का?

मग बाई म्हणाल्या, इथं खालून हळू बोललं तरी वरच्या पायरीला ऐकू जातं. मनीषा वर जाऊन बसली. "आई, बोल की कायतरी!"

काय बोलू? तोंडातून तुमचं नाव आलं. नुसतं नाव, उखाणा न घेता.

वरून ती म्हणाली, "ऐकू आलं गं आई." आणि रडायलाच लागली. तेव्हा मग मलाही राहवलं नाही.

कारण मिरजेच्या दवाखान्यात तुम्ही तेवढंच तर मागितलं होतं. "सगळा जलम आवं आवं केलंस. एकदा नावानं हाक मार की गं." मी काय म्हणाले? "गप पडा. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी हुतं." तुम्ही हसलात आणि भिंतीकडं तोंड केलंत. कमी व्हायला आयुष्य उरलं तरी होतं का हो? डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तरी मी भ्याले. तुमच्यासाठीच भ्याले! आणि जे तुम्हाला हवं होतं, ते परक्या मुलखात, ओळख ना पाळख अशा माणसांसमोर देऊन आले. माझं मलाच माफ करता येत नाही.

तुमची पुठ्ठ्याची गल्ली माळ्यावर आहे. मागची घरं उंदरांनी कुरतडलीत, ती मी नवी कापीन. वर्षश्राद्धाला ती पुढच्या खोलीत मांडीन आणि येईल त्याला सांगीन ही कुणी केली ते, अगदी नाव घेऊन. जाऊबाईंनी नाक मुरडलं तर मुरडू दे.

तुम्हीही मला कधी नावानं हाक मारली नाहीत म्हणा. "ऐकलं का" हेच माझं नाव. आज तेच तुम्हाला परत देते.

ऐकलं का, दिनकर?

तुमची,
शालन