ओ देऊ का नको

प्रिय वैशाली,

"आर्वी शांत आहे ताई, तुम्हाला काही त्रास व्हायचा नाही." हे तू म्हणाली होतीस. दवाखान्यात, खाटेवर पडून, माझा हात धरून. जाणाऱ्या माणसानं एवढं खोटं बोलावं का गं? तुझी पोरगी शांत? शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाच्या गजाला दोन्ही हातांनी धरून बसली. शिपाईमामा बोटं सोडवायला गेले तर त्यांच्या मनगटाला चावली. मला माफी मागावी लागली. मला! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी कुणाची माफी मागितली नव्हती, तू तर धाकटी जाऊ, तुझी नाहीच.

मी काही पत्र लिहिणारी बाई नाही. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर हातात लाटणं आलं ते आलंच. पण काल आर्वीच्या पहिलीचा निकाल लागला आणि तिथं एक भानगड झाली. ती तुझ्याशिवाय मिटायची नाही. म्हणून लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस.

आधी चांगलं सांगते. तुझी पोरगी पास झाली. नुसती पास नाही, बाईंनी सगळ्या पालकांसमोर तिच्याकडून धडा वाचून घेतला. हात मागे बांधून, मान ताठ करून वाचला. एका जोडाक्षरापाशी अडली, तेव्हा पुढच्या बाकावरचा पोरगा हळूच सांगायला लागला. त्याला म्हणते, "थांब, मला येतंय." आणि आलं. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, ती म्हणाली, "कोणाची हो ही?" मी म्हटलं, "आमची." पोळ्या अर्ध्यावर टाकून आले होते, कोपरापर्यंत पीठ होतं. म्हटलं असू दे, बघू दे लोकांना.

तू असतीस तर म्हणाली असतीस, इंग्लिश मिडियमला घातलं असतं तर अजून चमकली असती. माहीत आहे मला. मी महापालिकेच्या शाळेत घातलं. त्याचं कारण तुला आज सांगते, तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. तू म्हणायचीस ती शाळा लांब होती, रिक्षा लावावी लागली असती. ही शाळा मी पोळ्या लाटते त्या मेसच्या मागच्या गल्लीत. पोरगी रडली तर पोळपाट टाकून मला धावत जाता आलं पाहिजे होतं. आणि गेले मी धावत. कितीदा गेले ते विचारू नकोस, मेसवाले काका अजून टोमणे मारतात.

गणपतीपर्यंत ती वर्गात एक शब्द बोलली नाही. घरात कोंबडीसारखी कलकल आणि वर्गात तोंडाला कुलूप. बाईंनी बोलावून घेतलं, म्हणाल्या, "हिला कुठं दाखवून आणता का?" मी म्हटलं, "बाई, आमच्या घरातली आहे. न बोलता जाते कुठं?"

कुलूप कसं निघालं सांगू? पंचवटीतून येता-जाता दुकानांच्या पाट्या दिसायच्या. ती विचारायची, काय लिहिलंय. मी आपली एकेक अक्षर जुळवत वाचायची. हिला दम निघेना. "लवकर वाच ना, दुकान गेलं!" मी म्हटलं, "माझा वेग एवढाच आहे. तुला घाई असेल तर तू शीक." रागानं शिकली गं. माझ्यावर चिडून शिकली, आणि गणपती झाल्यावर वर्गात फळ्यावरचं मोठ्यानं वाचायला लागली. दिवाळीनंतर एकदा भिंतीवरचं वाचलं, खणखणीत आवाजात, "ये-थे लघ-वी करू न-ये." तिथं एक माणूस उभा होता, त्याची पळता भुई थोडी झाली. मी तिला दटावलं, आणि घरी आल्यावर सगळ्यांना स्वतःच सांगितलं.

आर्वी हे नावही मला कधी पटलं नाही. बाजारात अळकुड्यांना अरवी म्हणतात. बारशाला मी हे म्हटलं तर तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. आता बाई हजेरीला "आर्वी" म्हणतात आणि ही बाकावरून उडी मारून "हजर" म्हणते, तेव्हा बरं वाटतं ते नाव. हे तुला जिवंतपणी ऐकायला मिळालं नसतं.

आता भानगड.

काल धडा वाचून झाल्यावर बाई एकेका पोराला विचारत होत्या, घरून कोण आलंय. कुणी म्हणे पप्पा, कुणी म्हणे आजोबा. हिला विचारलं. ही म्हणाली, "माझी आई."

तो पुढच्या बाकावरचा पोरगा लगेच उठला. "बाई, खोटं बोलते. हिची आई वारली. ती मोठी आई आहे."

मला वाटलं, परत कुलूप लागणार. पण ही वळली त्याच्याकडे. म्हणाली, "ती लहान आई होती. ही मोठी आहे. मोठी आई पण आईच असते. तुला मराठी येत नाही का?"

बाई हसल्या, लोक हसले. मी नाही हसले.

कारण मला आठवतंय, वैशाली. आर्वी नुकती बोलायला लागली होती. आमचा निलेश मला आई म्हणतो ते ऐकून तिनंही मला आई म्हटलं होतं. तू ओट्यापाशी होतीस. येऊन तिला माझ्या कडेवरून उचललंस, आत नेलंस आणि म्हणालीस, "आई मी आहे. ती मोठी आई." दार उघडंच होतं. मला सगळं ऐकू आलं. राग नाही आला, खरंच नाही. तुझंच बरोबर होतं. शाळा इंग्लिश पाहिजे म्हणायचीस, पण मम्मी चालायची नाही तुला, आईच पाहिजे असायचं. तो शब्द तुझा. मी कधी हात लावला नाही त्याला.

शाळेतून निघालो. ऊन म्हणजे नुसता जाळ. गोळ्याच्या गाडीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "आई, गोळा घे ना."

मी ओ दिली नाही.

परत म्हणाली, "आई." मी आपली पर्स उघडतेय, बंद करतेय. ऐकू न आल्यासारखं. तिसऱ्यांदा ती जरा हळू म्हणाली, "मोठी आई." तेव्हा माझ्या तोंडून लगेच निघालं, "काय गं?" तिनं माझ्याकडं जे बघितलं ना, तसं शिपाईमामाकडंसुद्धा बघितलं नव्हतं. गोळा खाल्ला, पण एक शब्द बोलली नाही. गणपतीआधीची आर्वी माझ्याशेजारी चालत होती. वर्षभर मी जिला बोलतं केलं, तिला मीच गप्प केलं की काय?

संध्याकाळी नामपूरला तुझ्या आईला फोन लावला, निकाल सांगायला. पोरीनं फोन ओढून घेतला. "आजी, मी पास झाले. आईनं गोळा घेऊन दिला." मी फोन परत माझ्या कानाला लावला. तुझी आई मला म्हणाली, "शोभाबाई, मनी अंडेरनं नाव पुसू नका." माझ्या लेकीचं नाव पुसू नका. मी फोन ठेवून दिला.

तुझ्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणतो, "वहिनी, म्हणू द्या तिला, काय बिघडतं?" त्याला काहीच बिघडत नाही. बिनमिठाची आमटीसुद्धा त्याला चालते.

मला हौस नाही गं. मला आई म्हणणारा सहा फुटांचा घरात बसलाय आणि दिवसातून दहा वेळा टॉवेल मागतोय, तेवढं पुरे आहे. पण पोरीनं भर वर्गात उभं राहून सांगितलं. न घाबरता. ते मी रस्त्यावर खाली पाडलं, हे मला सहन होत नाही.

आता अक्षय्य तृतीया तोंडावर आली, आपली आखाजी. तू गेल्यानंतरची पहिलीच. तुझ्या नावाची घागर आपल्या घरी भरायची आहे, तुझी आई त्यासाठी येतेय, आणि मग सुट्टीसाठी पोरीला नामपूरला घेऊन जाणार आहे. त्यांच्यासमोर आर्वी मला हाक मारणार. काय म्हणून मारणार आणि मी काय करायचं, हे मला तुझ्याकडून पाहिजे. तुझ्या आईकडून नाही, तुझ्या नवऱ्याकडून नाही.

एक शब्द देते. उत्तर काही का येईना, ती दुसरीत जाणार आणि पुढंही जाणार, मी मधे कुठं सोडणार नाही. पोळ्या लाटायला तिला बसवणार नाही. आणि आपण कशा भांडायचो, ते सगळं तिला सांगत राहणार, म्हणजे तू कोण होतीस ते तिला बरोबर कळेल. पुसायचं काम मला जमतच नाही.

आता उत्तर दे. आखाजीच्या सकाळी घागर भरायच्या आत दे. कावळ्याच्या हाती निरोप नको, इथले कावळे कुणाच्याही पानावर बसतात. स्वप्नात ये आणि तोंडानं बोल, भांडताना बोलायचीस तसं स्पष्ट. नको म्हणालीस, तर मी तिला समोर बसवून सांगेन की आई एकच होती. ती रडेल, मला चावेल, तरी सांगेन.

आणि त्या सकाळपर्यंत तुझं काहीच आलं नाही, तर तुझी हरकत नाही असं मी धरणार. मग ती तुझ्या आईच्या देखत मला आई म्हणेल आणि मी ओ देणार. शेजारी ऐकू जाईल अशी देणार. नंतर बोंब मारायची नाही.

तुझी थोरली जाऊ,
शोभा