जनावरं धष्टपुष्ट ना?

रवि., ४ फेब्रु.
आमच्या शिपयार्डाजवळ, सेम्बावांगला, फुकटचा इंग्रजी क्लास. शेजारी नोमिन (यापुढे नो.). मंगोलियाची, इथे स्वयंपाकाचा कोर्स करते. आज गप्प. तिच्या वडिलांचा मेंढ्यांचा कळप आहे. तिकडे पाऊस उन्हाळ्यात; गेल्या वर्षी तो आलाच नाही, गवत बेताचं. आता बर्फ वितळून पुन्हा गोठलाय, खुरांनी फुटत नाही. खाली होतं तेवढं गवत, वर जनावर उपाशी. याला ते झुद म्हणतात. पूर्वी कधीतरी यायचा, आता सारखा.
"बाबा काही सांगत नाहीत. भाऊ सांगतो."
भाऊ म्हणतो, तंबू मोडा, शहरात चला. शहरात त्याची एकच खोली, वर कोळशाचा धूर. बाबा तिथे जगतील का, हीच तिची काळजी.

मंगळ., ६
शिपयार्डात रंग खरवडताना शर्ट अंगाला चिकटलेला. तिथली थंडी कशी असेल? दुकानाच्या फ्रीझरमध्ये हात घालून पाहिला. दुकानदार ओरडला.

शुक्र., ९
उद्या त्यांचं नवं वर्ष, इथल्या चिनी लोकांचंही. नो. म्हणाली, रविवारी बाबांना तूही नमस्कार कर. तिनेच पूर्वी सांगितलंय, तिकडे माणसांच्या आधी जनावरांची चौकशी करतात. ते विचारायचं त्यांच्या भाषेतलं वाक्य तेव्हाच देवनागरीत लिहून घेतलं होतं. घोकतोय. तिला सांगणार नाही, गंमत.

रवि., ११
क्लास बंद. तिच्या इमारतीखाली बसून व्हिडिओ कॉल. बाबा टोपी घालून, गाल थंडीने फुटलेले. दोन्ही हात पुढे करून मी विचारलं, जनावरं धष्टपुष्ट ना? एक अक्षर चुकलं नाही.
बाबा फोनच्या जवळ सरकले. मग फोन कट. नेटवर्क, की...
नो. हळूच म्हणाली, "यंदा हे कुणी कुणाला विचारत नाही. निम्म्याहून जास्त मेलीत."
माहीत असून मी कसा... मेसेज लिहिला, खोडला. जेवलो नाही.

बुध., १४
नो.चा फोन. "बाबा विचारत होते, तो मुलगा कोण?"
मी माफी मागायला लागलो.
"म्हणाले, जो येतो तो सांत्वन करतो. त्याने जनावरं विचारली. उत्तर द्यायचं राहिलं, त्याला सांग, उरलेली तार्गन."
तार्गन म्हणजे धष्टपुष्ट. आणि बाबा भावाला म्हणाले, तंबू राहू दे, गवत उगवेपर्यंत थांब. नो. हसत होती की रडत होती, कळलं नाही. मी नुसतं "हो, हो" म्हणालो.

रवि., १८
सकाळी गावाहून आईचा फोन; तिला हे सगळं सांगितलं होतं. जेवलास का, हे नंतर. आधी, "त्या पोरीच्या बापाची मेंढरं कशी हायत?"
"उरलेली धष्टपुष्ट."
"खरं?"
"तेच म्हणाले."
 आईचीही एक शेळी आहे. "मग इचारत ऱ्हा. इचारणारं कुणी असलं की माणूस गोठ्यात जातंय."
क्लास सुरू झालाय. नो. अजून आली नाही. तिकडे पुन्हा बर्फ पडतोय, असं काल म्हणाली होती. शेजारच्या बाकावर पिशवी ठेवून जागा धरली आहे. जनावरांचं ते वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं.