काखेतली डबी आणि निळे दाणे

बल्लारपूर, १८ एप्रिल २००१

आदरणीय खुर्शीदभाईजान,

अस्सलामु अलैकुम. अल्लाहच्या मेहेरबानीने इकडे अम्मी आणि मी बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? गोंडपिपरीतही ऊन तापलं असेल. मलिकाला तुमच्याकडे माहेरी येऊन दीड महिना झाला. (तिची तब्येत विचारायला मला तोंड नाही, तरी विचारतो.) लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नाही आणि दोष तिचाच, असं मी भर दावतीत बोलून बसलो, तेव्हापासून घर खायला उठतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी चंद्रपूरच्या एका प्रयोगशाळेत काचा धुतो. आमच्या रंजीता मॅडम पुरुषाच्या बीजातली गुणसूत्रं तपासतात. तुलनेसाठी त्यांना धडधाकट माणसं हवी होती, तर मी छाती काढून पहिलं नाव दिलं. नमुन्याची डबी सवयीने बर्फात घालून नेली. (पोलिओच्या मोहिमेत लस वाहिलेला माणूस मी!) मॅडमनी कपाळाला हात लावला. "रईसभाऊ, बर्फात काऊन टाकलं? याले अंगाच्या उबेत आणा लागते!" म्हणून दुसऱ्या खेपेला डबी काखेत दाबून गाडीत चढलो. टीसीने तिकीट मागितलं, पण हात काही उचलवेना. त्या भल्या माणसाला वाटलं मला गळू झालंय. त्याने एका म्हातारीला सरकवून मला बसवलं. चंद्रपूर येईपर्यंत ती मला हळदीचा लेप कसा करायचा ते सांगत होती.

पण परवा मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला आणि भाईजान, काय सांगू! काळ्याकुट्ट अंधारात बीजाचे निळे दाणे. एकेका दाण्यात तेवीस गुणसूत्रं घडी घालून ठेवलेली, आणि एक ठिपका पेटलेला. हिरवा असला तर मुलगी, लाल असला तर मुलगा. मुलगा की मुलगी हे बापाकडूनच ठरतं म्हणे. टाचणीच्या डोक्यावर शेकडो मावतील एवढा दाणा, आणि त्यात कुणाचं नाक, कुणाचं टक्कल आधीच लिहिलेलं! तोंडून सुभानल्लाह निघालं. इतकी वर्षं त्या काचा मी नुसत्या धूतच आलो.

तुमचा,
रईस

ता. क. १ : ते दाणे माझे नव्हते, दुसऱ्या कुणाचे होते. माझे तीन नमुने पाहून मॅडम दार लावून हळूच म्हणाल्या, "भाऊ, यात एकबी नाई. मोठ्या डॉक्टरले दाखवा."

ता. क. २ : अम्मीला सांगून झालंय. आधी रडली, मग मला चपलेने मारलं. पुढच्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर तिला घेऊन येतोय. दावतीत होती ती सगळी माणसं तुमच्या अंगणात जमवा, एवढंच काम आहे. मलिकाला आधी काही सांगू नका, ते तिने सगळ्यांदेखत माझ्याच तोंडून ऐकावं. त्यावर ती परत यायला नाही म्हणाली, तर तिला समजावू नका.