दारात न नेलेलं बाळ

बाई, आज दुपारी मी एका सहा दिवसांच्या बाळाला तीन वेळा दारात नेलं आणि उजेडात त्याचे तळपाय दाबून बघितले. पिवळे नव्हते. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, आणि मग ध्यानात आलं, की तुम्हाला जाऊनच आता आठ-नऊ वर्षं झाली. घरात तरी कोण आहे ऐकायला? हे गेले, मुलगा चाकणला कंपनीत. रविवारी फोन येतो, "जेवलीस का?" मी म्हणते, "जेवले." झालं आमचं बोलणं. म्हणून वहीचं पान फाडलं आणि लिहायला बसले.

तुम्ही उपकेंद्राच्या नर्सबाई; मी तुमच्या हाताखाली आशाचं काम धरलं तेव्हा मला बाळ उचलायची भीती वाटायची, स्वतःचं एक वाढवलेलं असूनसुद्धा. पहिल्याच आठवड्यात मी एका बाळाचं वजन कुंची-दुपट्यासकट केलं, तर तुम्ही भर ओसरीत म्हणालात, "बाळाचं वजन करायचंय का कापडाचं?" सगळ्या बायका हसल्या. मी घरी येऊन रडले, आणि तुमचा मनसोक्त राग राग केला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या मनगटावरचं घड्याळ काढून मला दिलंत. सेकंदाचा काटा असलेलं. "श्वास मोजायला लागतंय. माझं आता पाठ झालंय," म्हणालात. त्याच दिवशी काविळीचं शिकवलंत. अंगठ्यानं कातडी हलकी दाबायची, बोट उचलायचं, आणि रक्त परत यायच्या आत खालचा रंग बघायचा. पिवळेपणा तोंडावरून खाली उतरतो. तळपायाला पोचला तर एक मिनिट थांबायचं नाही. "बल्बखाली सगळीच बाळं सोन्याची दिसत्यात," तुम्ही म्हणायचात. "दारात न्यायचं. कुणी काहीबी म्हणू दे."

आणि मी एका बाळाला दारात नेलं नाही.

तुम्हाला ती पोर आठवत असेल. आपल्या गावची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दवाखान्यातून चौथ्या दिवशी घरी आली आणि पाचव्या दिवशी पाचवी पुजायची म्हणून घरात बायकांची ही गर्दी. पोरीची आजी सगळ्यांवर हुकूम सोडत होती. बाळीला दुपारी हळद आणि डाळीचं पीठ लावून न्हाऊ घातलेलं, कपाळापासून पायापर्यंत पिवळीधमक. मी आतल्या खोलीत बल्बखाली दुपटं बाजूला केलं, बघितल्यासारखं केलं, आणि हळदच आहे असं धरून कागदावर लिहिलं, रंग ठीक. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. पाच पावलांवर दार. का नेलं नाही, ते पुढं लिहिते. हात जरा अडतोय.

सातव्या दिवशी गेले तर बाळी अंगावर पिईना, हातपाय सोडून दिलेले, आणि मधेच मान मागं टाकून बारीक, चिरका आवाज काढायची. जीप करून जुन्नर, तिथून तसंच पुण्याला. रक्त बदललं, निळ्या लाइटखाली ठेवलं. वाचली. कान मात्र गेले.

आरोग्य केंद्रातल्या बैठकीत डॉक्टर तुम्हाला सगळ्यांदेखत बोलले, "तुमच्या आशांना शिकवता तरी काय तुम्ही?" निवृत्तीला आलेली बाई, मान खाली घालून उभी. बाहेर नळापाशी तुम्ही मला एकच विचारलंत, "दारात नेऊन बघितलं होतंस ना गं?" मी म्हणाले, "व्हय बाई." तुम्ही परत आत गेलात. मला बाहेर ऐकू येत होतं. "माझ्या आशानं बघितलंय, साहेब. हळदीत दिसलं नसेल. काय बोलायचं ते मला बोला."

पुढं वर्षभरात तुम्ही अंथरुणाला खिळलात. मी ओतूरला तुमच्या घरी दोनदा आले, सांगायचं ठरवूनच. दोन्ही वेळी मोसंबी सोलून दिली, एसटीची वेळ झाली म्हणाले आणि उठले.

ती पोर मला अजून मान देते, बाई. काकी व्हत्या म्हणून माझी लेक वाचली, असं चारचौघांत सांगते. तसं ती बोलते तेव्हा मला कुठं बघावं कळत नाही. दहा वर्षं तिनं दुसऱ्याचा धीर केला नाही. आता मुलगा झालाय. आज भेटीला गेले तर तोही हळद लावून आत निजवलेला. मी म्हणाले, "दारात घेऊ जरा."

"ऱ्हाऊ द्या ना काकी. आत्ताच झोपलाय." रागानं नाही, चहा गाळता गाळता म्हणाली. "थोरलीच्या वक्ताला तुमी नीट बघितलंच व्हतं की. बघून काय झालं? सटवाईनं लिहिलं ते पुसाया येतं व्हय?"

थोरली शेजारीच बसली होती, कानाला मशीन लावून, माझ्या ओठांकडं बघत. माझ्या खोट्यावर विसंबून ही बाई या बाळालाही बघू देणार नव्हती.

मी म्हणाले, "त्या वक्ताला मी बघितलं न्हवतं. दारात न्हेलंच न्हाई."

तिनं गाळणी खाली ठेवली. "का?"

"तुझ्या आजीनं उंबऱ्याभायेर काढू दिलं न्हाई."

मग ती म्हणाली, "दोन दिस आधी कळलं असतं, व्हय ना?" मी मान डोलावली. तिनं पदर तोंडाला लावला. "आजी लई हट्टी व्हती," एवढंच म्हणाली, आणि बाळ उचलून माझ्या हातात दिलं. "न्या."

बाई, हा कागद कुणाला द्यायचा नाही, म्हणून लिहिते. म्हातारीनं अडवलं नव्हतं. आता ती नाही, म्हणून तिच्या माथी मारलं. ती तर म्हणाली होती, "बाळीला आधी नीट बघ गं, मग बस." मीच म्हणाले, बघितलंय. आमच्या जातीच्या बाईला त्या घरात नेहमी बाहेर पायरीवर पान मिळायचं. त्या दिवशी मला आत, सगळ्यांच्या ओळीत पाट मांडला होता. उठले तर तो दुसरीला जाईल, असं वाटलं. पोळीवर तूप वाढलं होतं, आणि मला फार बरं वाटत होतं.