डाव्या कानावरचा भांग

रविवार, ६ जुलै. सकाळी ११
आजपासून मी नैसर्गिक.

गेली वीस वर्षं डाव्या कानाच्या जरा वर भांग पाडून केस उजवीकडे नेत आलो. केस मुळात कुरळे, त्यामुळे एवढ्या लांबवर जायला तयार नसतात. म्हणून रोज सकाळी ऊर्मीचा स्ट्रेटनर दोन मिनिटं फिरवतो. ही शिस्त आहे. यात लपवण्यासारखं काही नाही. (दार लावून घेतो, कारण वाफ.)

ऊर्मी म्हणजे आमची कन्या, अकरावीत. तिचे केस थेट माझे. तीही रोज ते जाळते. टोकं केरसुणीसारखी झाली आहेत. काल जेवताना जाहीर केलं की पार्लरला जाऊन कायमचे सरळ करून घेणार. मी नको म्हणालो. ती म्हणाली, तू तरी कुठे कुरळे ठेवतोस. मुद्दा बरोबर होता, म्हणून मी आवाज चढवला.

मग करार झाला. शेजारच्या मामींकडे नवरात्रातल्या बाहुल्यांचा गोलू बसेपर्यंत, म्हणजे २२ सप्टेंबरपर्यंत, दोघांनीही स्ट्रेटनरला हात लावायचा नाही. ती हरली तर बारावी होईपर्यंत पार्लरचं नाव काढायचं नाही. मी हरलो तर पार्लरचा निर्णय ऊर्मीचा, मी निमूट बरोबर जायचं. कागद फ्रिजवर लावला. नीलमने वाचला आणि म्हणाली, "तुझं काय जाणार आहे?" बायकोचा असा विश्वास असला की माणूस काहीही करू शकतो.

सोमवार, ७ जुलै
पहिला दिवस उत्तम. अंबत्तूरला ट्रेनमध्ये चढलो तेव्हा केस जागेवर होते. चेन्नईच्या दमट हवेत पेरांबूर येईपर्यंत एकेक बट वळत वळत आपापल्या कानाकडे परत गेली. केस वळले की आखूड दिसतात, त्याला श्रिंकेज म्हणतात. इंटरनेटवर शास्त्रशुद्ध माहिती आहे. माथ्यावर जे दिसतं ते श्रिंकेज.

बँकेत कृष्णस्वामीने विचारलं की बरं नाही का. रजा घेऊन घरी जा म्हणाला. माणूस प्रेमळ आहे.

शनिवार, १२ जुलै
दुसरा शनिवार, सुट्टी. जवस उकळून, गाळून घरी जेल केला. आधी ऊर्मीला लावला. तिचे केस लगेच गोळा होऊन गुंडाळले गेले, छानच. मग मला. माझा जेल माथ्यावरून थेट भुवईवर उतरला. जवसाचं प्रमाण चुकलं असणार.

रविवार, २० जुलै
महत्त्वाचा शोध. आपल्या बिल्डिंगचं बोअरचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही. कुरळ्या केसांना ते विषासारखं. म्हणून आज पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन न्हाणीघरात नेला. काय फरक पडला म्हणून सांगू.

नंतर कळलं की घरात पाहुणे येणार होते आणि तो शेवटचा कॅन होता. कॅनवाला सोमवारी येतो. नीलमने पाहुण्यांना नारळपाणी दिलं आणि मला काहीच दिलं नाही.

रविवार, ३ ऑगस्ट
वेंकटकडे गेलो. नऊ वर्षं हाच माझा न्हावी. त्याला मोडक्या तमिळमध्ये समजावलं की आता वाढवायचे आहेत, फक्त आकार दे. त्याने बराच वेळ कात्री हातात धरून विचार केला. शेवटी मागून आरसा दाखवला. आरशात मधोमध मोठा गोल पांढरट डाग होता. पुसायला सांगितलं. त्याने पुसला, माझ्याकडे बघून पुन्हा पुसला. आरसे चांगले ठेवत नाहीत हे लोक.

रविवार, १० ऑगस्ट
शेजारच्या अंबुजा मामी ऊर्मीला घेऊन बसल्या. त्यांची मंडळी तंजावरची, मराठी जुनी, मध्येमध्ये तमिळ. शिकेकाई कशी भिजवायची, केस ओले असतानाच रुंद दातांच्या लाकडी फणीने कसे सोडवायचे, सुकल्यावर फणी का लावायची नाही, सगळं शिकवलं. ऊर्मी माझं दहा मिनिटं ऐकत नाही, तिथे दोन तास बसली.

मीही माझी प्रगती सांगितली. मामींनी माझ्या माथ्याकडे मायेने पाहिलं. "केस वाढवायास अगोदर केस पाहिजेत की, राव," म्हणाल्या. त्यांची मराठी फार जुनी आहे, सगळा अर्थ लागत नाही.

रविवार, २४ ऑगस्ट
मोजणी केली. ऊर्मीच्या कंपासपेटीतली पट्टी. ऊर्मीचे नवे केस: दोन सेंटिमीटर, मुळापासून वळलेले. केरसुणीची टोकं तिने स्वतः कापली. माझे: कानांच्या वर बावीस सेंटिमीटर. माथ्याची आकडेवारी उपलब्ध नाही.

आज ती आरशासमोर उभी राहून एक बट बोटाला गुंडाळत होती. मला थांबून बघावंसं वाटलं. माझी आई दाराशी उभी राहून कुणाशी बोलताना असंच करायची. ऊर्मी तीन वर्षांची असताना आई गेली, तिला काही आठवत नाही. तिने ते केस सरळ केले तर आई पुन्हा एकदा जाईल असं मला वाटतं. हे कुणाला बोललेलो नाही. बोलणारही नाही, कारण मग करार भावनिक होईल.

गुरुवार, ११ सप्टेंबर
उद्या बँकेत हिंदी पखवाड्याचा कार्यक्रम. दरवर्षी भाषणाला मलाच उभं करतात. मराठी माणसाला हिंदी येते, असं इथे सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. विभागीय व्यवस्थापक येणार, फोटो गृहपत्रिकेत छापणार.

करारात हिंदीचा उल्लेख नाही. तरी निश्चय पक्का. जसा आहे तसाच जाणार.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. सकाळी ६.१०
फक्त एकदा. राष्ट्रीय कार्य म्हणून. पुढचे दहा दिवस दुप्पट नैसर्गिक राहीन.

६.२५. डावा कान भाजला. नीलमला दोसा तव्यावरून उडाला असं सांगितलं. ती म्हणाली, आज उपमा आहे.

शुक्रवार, संध्याकाळी
भाषण चांगलं झालं. फक्त स्टेजवर कडेला एक उभा पंखा होता. तिसऱ्या वाक्याला सगळे केस एकत्र उठले आणि दार उघडावं तसे डावीकडे उघडे राहिले. मी उजव्या हाताने धरत होतो, पण त्याच हातात माइक. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. कृष्णस्वामीने फोटो काढून बँकेच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर नीलम आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर
ऊर्मीने फोटो पाहिला. एवढ्या लांब आणि सरळ केसांचा खुलासा मागितला. मी पंख्याचा वेग वगैरे सांगून पाहिलं. तिने माझ्या कानाकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, यू लॉस्ट."

पार्लरची वेळ घेतली आहे. २१ तारीख, रविवार, सकाळी अकरा. फार वाईट वाटतंय. अडुसष्ट दिवस त्या पोरीने पाळलं आणि मी एका पंख्यापुढे हरलो.

शनिवार, २० सप्टेंबर
उद्या अमावास्या. इथे अमावास्येला केसांना कात्री लावत नाहीत असं मामी म्हणाल्या. म्हणजे पार्लर बंद असणार. देव आहे.

रविवार, २१ सप्टेंबर. दुपारी ३
पार्लर उघडं होतं. अमावास्या म्हणून रिकामं होतं, त्यामुळेच वेळ मिळाली होती.

सकाळी सर्वपित्रीचं पान वाढलं, आईच्या नावाने. मग ऊर्मीबरोबर निघालो. वाटेत एक शब्द बोललो नाही. करार म्हणजे करार. सोफ्यावर बसलो, मासिक उलटं धरलं. पार्लरमधली दिव्यश्री नावाची मुलगी वही बघून म्हणाली, गजेंद्र सर, वांगो. या.

मी म्हणालो चूक झाली आहे. ऊर्मी म्हणाली चूक नाही. निर्णय माझा, फ्रिजवर लिहिलंय.

खुर्चीत बसलो. दिव्यश्रीने डाव्या कानावरची ती लांब बट धरली आणि ऊर्मीकडे पाहिलं. मी म्हणालो, अजून थोडा वेळ दिला असता तर श्रिंकेज गेलं असतं. ऊर्मी माझ्यामागे येऊन उभी राहिली. आरशात दोघंही दिसत होतो. आरशात तोच डाग होता. हा वेंकटचा आरसा नव्हता.

"बाबा, तुझे केस तुझ्याकडे राहिलेच नाहीत," ती म्हणाली. "ते माझ्याकडे आहेत. मी सांभाळते."

कात्री लागली. बावीस सेंटिमीटर खाली पडले आणि फरशीवर लगेच वळले. वीस वर्षांत इतके छान कधी वळले नव्हते. मला रडू आलं. दिव्यश्रीला वाटलं कान दुखतोय.

सोमवार, २२ सप्टेंबर
संध्याकाळी मामींकडे गोलू. नऊ पायऱ्या, देवांपासून वाण्यापर्यंत मातीच्या बाहुल्या. ऊर्मीने केस मोकळे सोडून मोगरा माळला होता. मामी तिला सारख्या वळायला लावून बघत होत्या. कुणाची नात आहे हे मी पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. आईचं नाव अन्नपूर्णाबाई, तेही सांगितलं.

सगळ्यात खालच्या पायरीवर धान्याची पोती घेऊन बसलेला चेट्टियार वाण्याचा बाहुला. पोट सुटलेलं, डोकं तुळतुळीत. मामींच्या चार वर्षांच्या नातीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला बसायला त्याच्या शेजारची जागा दाखवली. बसलो. तिथे पंख्याचा वारा चांगला येत होता.

आज सकाळी ट्रेनमध्ये दाराजवळ उभा होतो. पेरांबूर गेलं, काही वळलं नाही. उजवा हात सवयीने वर गेला, तिथे धरायला काही नव्हतं. मग सेंट्रल येईपर्यंत तो नुसताच खिशात होता.