गाठ साधी होती

प्रिय अक्का,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. आजवर तुमच्या फोटोसमोर उभं राहून एक शब्द बोलायचं मला धाडस झालं नाही. आज लिहायला बसले, कारण काल तुमची मंजिरी माझ्या लॅबमध्ये आली होती, डाव्या कानाखाली बोट दाबून धरलेली. "काकू, सुई घाल," म्हणाली. "आईचं असंच सुरू झालं होतं ना?"

मी चाचपून पाहिलं. काहीच नव्हतं. हे तिचं तिसऱ्यांदा. मग तिनं हळूच सांगितलं की ठरत आलेलं लग्न तिनं मोडलं. आईचा कॅन्सर आपल्या रक्तात असला, तर दुसऱ्याच्या गळ्यात कशाला पडायचं, असं तिचं म्हणणं.

अक्का, तुम्हाला कॅन्सर नव्हता.

पुण्याहून लग्न होऊन मी नल्लकुंट्याच्या आपल्या घरात आले, तेव्हा मला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. गौलीगुड्याच्या बाजारात भाव करायला तुम्ही शिकवलंत. लॅबला उशीर झाला की माझं ताट झाकून ठेवायचात. म्हणून तर ती सुपारीएवढी गाठ आली तेव्हा म्हणालात, "हौ, तूच टोच. परके हात नक्को मला." घरच्या माणसाची तपासणी आपण करू नये, हे मला ठाऊक होतं. का ऐकलं मी तुमचं?

काचपट्टीवर गडद, बारीक पेशींचे पुंजके होते आणि त्यांच्यामध्ये गुलाबी, काचेसारखे गोळे. लाळग्रंथीच्या एका वाईट कॅन्सरमध्ये असे गोळे दिसतात. एका दुर्मिळ, अगदी निरुपद्रवी गाठीतही हुबेहूब असेच दिसतात. सुईनं आलेल्या दोन थेंबांवरून कधीकधी फरक कळतच नाही, आणि तेव्हा तसं स्पष्ट लिहायचं असतं. 'नक्की सांगता येत नाही', बस्स. मी कॅन्सर लिहिलं. घाबरले होते मी. साधी म्हणून सोडली आणि तुम्ही हातच्या गेलात तर? काचपट्टी दुसऱ्या कुणाला दाखवलीसुद्धा नाही.

माझ्या रिपोर्टवर भरवसा ठेवून सर्जननी गाठीला चिकटलेली चेहऱ्याची नसही कापली. मग काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. ती दुसरीच होती, साधी. नस वाचली असती. सर्जन म्हणाले, घरच्यांना तुम्हीच सांगा. मी घरी येऊन सांगितलं की सगळं निघालं, आता पुढे काही करावं लागणार नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणूनच तो इतका सहज बोलता आला.

तुमचा डावा गाल उतरला. डोळा मिटेना, तर झोपताना पट्टी लावायला लागलात. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायचा, म्हणून सगळ्यांचं झाल्यावर एकट्या जेवायचात. नारायणगुड्याच्या शाळेतली नोकरी सोडलीत, बालवाडीतली पोरं बिचकतात म्हणून. आणि आल्यागेल्याला सांगायचात, "माझ्या जावेनं वाचवलं मला." ते ऐकलं की मी काहीतरी काम काढून आत निघून जायची.

एकदा तरी माझ्यावर चिडायचं होतंत! पण कशावरून चिडणार होतात? मी तुम्हाला कारण कळूच दिलं नाही. तीन वर्षं तशीच गेली आणि एका सकाळी तुमचं हृदय थांबलं.

आज नल्लकुंट्याच्या घरी जाऊन भाऊजींना, मंजिरीच्या बाबांना, सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तिला माहीत होतं?"

"नाही."

"मग मला कशाला सांगितलंस?"

मी मंजिरीचं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, तिची आई गेलीच आहे, हे कळलं की काकूही जाईल. बघ तुझं तू. मग उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. मी चपला घालून निघाले तरी ते उघडलं नाही.

अक्का, मी क्षमा मागत नाही. जिनं द्यायची ती उरली नाही. मंजिरीचं मोडलेलंही आता जुळायचं नाही. त्या मुलाचं दुसरीकडे ठरलंय म्हणे. काही परत येणार नाही, हे मला कळतं.

पण रविवारी ती येणार आहे. दोन्ही रिपोर्ट तिच्यासमोर ठेवीन आणि ओळ न् ओळ समजावून सांगेन. चूक कुणाची, लपवलं कुणी, तेसुद्धा. रडून तिचं मन वळवणार नाही. तिनं तोंड फिरवलं तर मागे जाणार नाही. एवढं वचन देते.

तुमची धाकटी जाऊ,
वासंती