ह्यांनी मांडी मोडली नाही

क्लातेन, सोमवार

धाकट्या सुतियेमला थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे, तुझ्या कोंबड्या आणि तुझे विर्योराव बरे आहेत असं धरून चालते. मी इतकी खूश आहे की अक्षर वाकडं आलं तर ते नाचतंय असं समज.

परवा तांदूळवाल्याच्या एकुलत्या एका पोरीची इडापिडा काढायला आमच्या चामडी बाहुल्यांचा खेळ होता. सकाळी मांडी घातली की दुपार कलेपर्यंत सूत्रधारानं उठायचं नाही. उठला तर पोरीवरचं अरिष्ट तसंच राहतं, आणि त्याला पुन्हा कोणी बोलवत नाही. आणि ह्यांना तर वर्षभर दर अर्ध्या तासाला जावं लागायचं (जाऊन तरी काय, थेंब थेंब, भिंतीकडे बघत उभे).

महिन्यापूर्वी मी ह्यांना ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. तर डॉक्टर निघाली पोरसवदा बाई! ह्यांची दातखीळ बसली. शेवटी पिशवीतून विदूषकाची बाहुली काढली आणि तिच्या आवाजात म्हणाले, "बाई, आमच्या मालकाचं धरण भरलंय, पण दार काही उघडत नाही!" तीही बाहुलीशीच बोलली. लघवी तपासली, पोटाची सोनोग्राफी केली. म्हणाली, लघवीच्या वाटेवरची गाठ वाढली आहे, पण कापाकापी नको. दार सैल करणारी गोळी रोज घ्या, एकदा जाऊन आलात की थोडं थांबून पुन्हा जा, सर्दीचं औषध मनानं घेऊ नका, आणि उठताना सावकाश, चक्कर येते.

परवा मी नेहमीसारखी ह्यांच्या पाठीमागे पट्ट्यांचं वाद्य घेऊन बसले. तीन तास बरे गेले. मग खेळात एकुलती पोरं खाणारा राक्षस आला आणि ह्यांचा, पत्रे वाजवून ताल देणारा पाय भलताच घाईला आला. ढोलकीवाला त्यामागे धावला. मी वाकून विचारलं, "निभेल ना?" तर हे राक्षसाच्याच आवाजात गरजले, "गप्प बस, म्हातारे! आज मी पोरीला खाणार नाही आणि इथून उठणारही नाही!" मांडव हसून लोळला. मी मात्र ह्यांची मान बघत होते, घाम निथळत होता. अरिष्ट उतरवायला ह्यांनी पोरीची बट कापली, तिची आई रडली, खेळ संपला. मग हे इतके सावकाश उठले की लोकांना वाटलं अंगात देव आहे. रांगेनं ह्यांच्या पाया पडले!

तुझी थोरली,
कार्सिनेम

ता. क. विर्योरावांनी खेळ सोडला तो गुडघ्यांमुळे, असं तू सांगतेस. बाई गं, गुडघे तुझे दुखतात. हे पत्र ओटीवर मोठ्यानं वाच, ते आतून ऐकतील. गुरुवारी घेऊन ये, डॉक्टरीण असते. बाहुली आम्ही देऊ.

ता. क. हे मागून वाचतायत. म्हणतात, लिही की मला कधी काही झालंच नव्हतं. लिहिलं.